रिकामं सोडलेलं नाव

१

माझं कामच नावं ठेवण्याचं. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि त्याचं हसून झालं की मला खुलासा करावा लागतो.

आमची कंपनी शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर करते. फळं, लशी, रक्ताच्या पिशव्या, जे जे थंड राहायला हवं त्याचं तापमान आमचा कोड सांभाळतो. कोड लिहिणारी माणसं साठेक. प्रत्येकाचं काम एकेका बंद पेटीत ठेवलेलं असतं, तिला पॅकेज म्हणतात. दुसऱ्याला ती पेटी हवी असली की त्यानं फक्त तिचं नाव घ्यायचं, सर्व्हर ती आणून देतो. उघडून बघायला कुणाला सवड नसते. सगळा कारभार नावावर चालतो. म्हणून नाव कसं द्यायचं याचे नियम लागतात, आणि आमच्याकडचे नियम मी केलेत. ऑफिसात मला नावाडी म्हणतात.

नियम सोपे आहेत. नावाचे तीन भाग, मध्ये टिंब. पहिला भाग टीमचा, दुसरा जागेचा, तिसरा कामाचा. अक्षरं इंग्रजी आणि सगळी लहान. माणसांची नावं नकोत, चेष्टा नको. आणि एक शेवटचा नियम, ज्याच्यासाठी मी तीन बैठका भांडले: पॅकेजचं नाव बदललं तरी जुनं नाव मोकळं सोडायचं नाही. त्याला कुलूप घालून ठेवायचं.

एकदा सोडलं होतं. एका टीमनं नवं नाव घेतलं आणि जुनं टाकून दिलं. बाहेरच्या कुणीतरी ते उचललं आणि त्या नावानं स्वतःची पेटी ठेवली. आमची यंत्रं सवयीनं जुन्याच नावानं मागत राहिली, आणि दोन दिवस त्या परक्याचा माल घरात येत राहिला. कुणाला संशय नाही, कारण नाव तर बरोबर होतं! एका शीतगृहातल्या सगळ्या लशी फेकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून त्या नियमावर कुणी माझ्याशी वाद घालत नाही.

दर मंगळवारी सकाळी मी नव्या नावांची यादी तपासते. त्या मंगळवारी सत्तावीस नावं होती. एकविसावं वाचून मी पुढे गेले, दोन ओळी वाचल्या आणि मागे आले.

घर.आतलीखोली.ठकू

बांधणीत खोट काढायला जागा नव्हती. तीन भाग, लहान इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, टिंबं जागच्या जागी. फक्त 'घर' नावाची टीम आमच्याकडे नव्हती. आणि ठकू म्हणजे मी होते.

बाबांनी ठेवलेलं नाव. घराच्या चार भिंतींबाहेर ते कधी गेलं नव्हतं, शाळेतल्या मैत्रिणींनासुद्धा ठाऊक नव्हतं. बाबा गेल्यावर आईनं एकदा त्या नावानं हाक मारली तेव्हा मी तिच्यावर ओरडले होते. "ते नाव बाबांबरोबर गेलं. परत तोंडातून काढू नकोस." आई नुसतं "बरं" म्हणाली होती. त्याला दोन वर्षं झाली.

माणसाचं नाव म्हणून मी ते तिथल्या तिथे नाकारू शकले असते. पण शेऱ्याच्या रकान्यात कुणाचं नाव ते लिहावं लागलं असतं. मी यादी तशीच ठेवून उठले.

२

सर्व्हरची खोली दादा सांभाळतात. निवृत्तीला आलेले, वर्षाचे बाराही महिने अंगात स्वेटर, कारण त्या खोलीत हिवाळाच असतो. यंत्रांची घरघर इतकी एकसारखी की थोड्या वेळानं ती ऐकू येईनाशी होते आणि माणूस उगाच मोठ्यानं बोलायला लागतो.

"दादा, हे कुणी ठेवलंय?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मालकाच्या रकान्यात पण ठकूच आहे. कोण गं ही?"

"माहीत नाही," मी म्हटलं. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले.

"नवीन नाहीये हे. दोन वर्षांचं आहे. आजवर खाजगी खुणेखाली होतं म्हणून तुझ्या यादीत आलं नाही. आज ती खूण काढलीय." त्यांनी तारीख दाखवली. मी आईवर ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"आत काय आहे?"

"काही नाही. रिकामी पेटी. पण बदलांची नोंद मात्र नीट ठेवलीय, आपली पोरं ठेवत नाहीत इतकी नीट."

प्रत्येक पॅकेजला आवृत्तीचा आकडा असतो. किरकोळ दुरुस्ती झाली की शेवटचा आकडा वाढतो, नवं काही जमू लागलं की मधला. आणि पेटी पुरी झाली, चारचौघांसमोर ठेवण्यासारखी झाली, की पहिल्यांदा एकचा आकडा लागतो. तोवर शून्य. दादा पडद्यावरून बोट फिरवत वाचत गेले.

"शून्य पॉइंट एक, ओ देते. शून्य पॉइंट दोन, पहिल्या हाकेला ओ देते. तीन, चालते. तीन पॉइंट एक, डावा पाय किंचित ओढते. चार, पाणी देते. सहा, खोकते, हसते. सात, शेजारी विचारत नाहीत. नऊ, औषध देते." ते थांबले. "खेळण्यातल्या बाहुलीचा कोड असावा. बोलकी बाहुली असते तसला."

मागच्या वर्षी जिन्यात घसरून माझा डावा घोटा दुखावला, तेव्हापासून चालताना तो पाय मागे राहतो. पाय ओढण्याच्या नोंदीवर त्याच आठवड्याची तारीख होती. मी ते दादांना सांगितलं नाही. योगायोग असतात. कंपनीत साठ माणसं आहेत, माझं लंगडणं सगळ्यांनी बघितलंय, आणि एखाद्याला चेष्टेची भलती खोड असू शकते. ठकू हे नाव त्याला कुठून कळलं एवढाच प्रश्न उरत होता, आणि त्याचंही काहीतरी उत्तर असणारच.

"ही पेटी मागवतं कोण?"

"रोज दोनदा मागवली जाते. साडेदहाला आणि चारला." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हा पत्ता बघ. कुणाच्या तरी घरचं इंटरनेट आहे."

असा पत्ता म्हणजे एक लांब आकडा. घरून काम करायचं असेल तर आमच्या घरचा हाच आकडा मला दर वेळी टाकावा लागतो. मला तो पाठ होता.

३

संध्याकाळी सहाला घरी पोचले. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. आईची नजर गेल्यापासून दुपारी डोकावून जायचं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

"आता मी येत नाही हं दुपारची," त्या म्हणाल्या. "तू असतेसच ना हल्ली."

"मी?"

"आवाज येतो की तुझा! आई हाक मारते, तू ओ देतेस. मग म्हटलं मायलेकींत आपण कशाला?"

मी काहीतरी हसल्यासारखं केलं आणि कुलूप उघडलं.

आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आई दिवसभर बाहेरच्या खोलीत असते. तिची खुर्ची आतल्या खोलीच्या दाराला लागून, कारण तिथे वारा येतो. दाराला जाड निळा पडदा. आत बाबांचा पलंग, इस्त्रीचं टेबल, न लागणाऱ्या कपड्यांच्या बॅगा. मी तिथे आठवड्यातून एकदा केर काढायला जाते, तेवढंच.

मी आईची औषधाची डबी घेतली. वारांचे कप्पे असतात तसली. मंगळवार दुपारचा कप्पा रिकामा. बरोबरच होतं. पण संध्याकाळचाही रिकामा होता.

"आई, संध्याकाळची गोळी कधी घेतलीस?"

"तूच नाही का दिलीस चारला? म्हणालीस, आत्ताच घे."

"मी ऑफिसात होते."

आईचा हात खुर्चीच्या कडेवरून फिरत राहिला. तिची ती सवय आहे, उत्तर द्यायचं नसलं की.

"तू हाक मारतेस का मला, मी नसताना?"

"एकटं असलं की येतं गं तोंडात."

"कुठल्या नावानं?"

तिनं मान पडद्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "तू नको म्हणालीस म्हणून तुझ्यासमोर नाही मारत."

मी उठून निळा पडदा बाजूला केला. पलंग, टेबल, बॅगा. खिडकी बंद. वावगं काही नव्हतं, फक्त पलंगावरची चादर जिथे माणूस बसतं तिथे दबलेली होती. मी स्वतःला सांगितलं, मीच रविवारी बसले असेन. रविवारी मी तिथे बसले नव्हते.

हृदयाची गोळी होती ती. दोन तास अलीकडे घेतली तर बिघडत नाही, डॉक्टर फोनवर म्हणाले. दोनदा घेतली तर मात्र बिघडतं.

४

बुधवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी ते पॅकेज पुसायला घेतलं. सर्व्हरनं नकार दिला. कुणीतरी वापरत असलेलं पॅकेज पुसता येत नाही, हासुद्धा माझाच नियम.

मॅनेजरकडे गेले. "नावाडीबाई, एका रिकाम्या पेटीसाठी एवढं काय," तो म्हणाला. "तुमचे नियम तुम्हीच मोडायला निघालात?" त्याचं चुकत नव्हतं. मी त्याला सांगणार तरी काय होते?

दादांना मात्र सांगितलं. सगळं, ठकूपासून. त्या घरघरीत मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि मोठ्यानं बोलल्यावर ते फार मूर्खासारखं वाटत होतं. दादा हसले नाहीत. स्वेटरच्या बाहीनं चष्मा पुसत बसले.

"पुसून काय होणार?" शेवटी ते म्हणाले. "समज पुसलंस. तुझी आई हाक मारायची थांबणार आहे? हाक आहे तोवर कुणीतरी येणार."

"मग काय करू?"

"मला विचारतेस? नाव मोकळं सोडू नका म्हणून तूच आमचं डोकं खाल्लंस ना." त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "आणि जे करायचं ते लवकर कर. पुढची आवृत्ती लावून ठेवलीय. एक पॉइंट शून्य. उद्या साडेदहा."

"नोंदीत काय आहे?"

"एकच ओळ." त्यांनी ती वाचली नाही, पडदा माझ्याकडे वळवला.

'बाहेरच्या खोलीत येते.'

मी गुरुवारची रजा टाकली. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. माझ्या आईच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, माझ्या नावानं, दोन वर्षं.

५

गुरुवारी सकाळी आईला म्हटलं, "आज मी घरीच आहे. पण तू रोजच्यासारखी हाक मार."

"समोर बसलीयस की. कशाला हाक मारू?"

"मार गं. साडेदहाला. त्याच नावानं."

तिनं कारण विचारलं नाही. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

मी तिच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले. ऊन खिडकीतून फरशीवर पसरलं होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती पेटत नव्हती. निळा पडदा सरळ लोंबत होता. मी मनात उजळणी करत होते, हाक आली की ओ द्यायची. यात अवघड काय आहे?

"ठकू!" आईनं हाक मारली.

माझं तोंड उघडायच्या आत पडद्यामागून आलं, "ओ!"

तो माझा आवाज होता. आजचा नव्हे, बाबा असतानाचा, घाई नसलेला. इतका मोकळा की क्षणभर मला त्याचा हेवा वाटला. पाठोपाठ पलंग करकरला. पावलं वाजली, एक पडणारं, एक किंचित ओढलेलं. पडद्याशी येऊन ती थांबली.

पडद्याच्या कडेतून पाण्याचा ग्लास बाहेर आला, आणि त्यामागे हात. मनगटाजवळचा तीळ माझा. इस्त्रीचा चटका बसल्याचा डाग माझा. सगळं नीट जमलेलं होतं, पण बोटांना नखं नव्हती. काढून टाकल्यासारखी नव्हे. अजून तिथवर काम पोचलं नसावं तशी, बोटांची टोकं नुसती गुळगुळीत होती.

आईनं सवयीनं हात पुढे केला. मी तिचं मनगट धरलं.

"परत हाक मार."

"ठकू."

"ओ!" मी म्हटलं. दोन वर्षांत न काढलेला शब्द, घोगरा निघाला. आतूनही त्याच क्षणी ओ आली. आईचं डोकं माझ्याकडे वळलं, मग पडद्याकडे. तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांत जो गोंधळ होता तो मला बघवेना. मी उठले आणि तिच्या आणि पडद्याच्या मध्ये उभी राहिले. ग्लास माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर होता.

"परत."

"ठकू."

पडद्याच्या तळाशी एक पाऊल बाहेर आलं. मी बघितलं नाही. खाली बघितलं असतं तर हाकेला उशीर झाला असता.

"परत, आई. थांबू नकोस."

ती हाका मारत राहिली आणि मी ओ देत राहिले. प्रत्येक वेळी थोडी अलीकडे. नाव पुरं व्हायच्या आत, मग पहिल्या अक्षराला. बाबा हाक मारायचे तेव्हा मी अशीच धावत यायची, हातातलं टाकून, हे मधेच कुठेतरी आठवलं आणि त्यानंतर माझा आवाज घोगरा राहिला नाही. आतली ओ माझ्यामागे पडू लागली. मग अर्धीच येऊ लागली. मग नुसता श्वास, पडदा आत ओढला जायचा आणि सुटायचा.

आईचा घसा बसला. मी मोजलं नव्हतं, पण साडेदहाचं ऊन तोवर खिडकीपाशी सरकलं होतं.

एका हाकेला फक्त मी ओ दिली. ग्लास मागे गेला. पावलं मात्र वाजली नाहीत. पडदा समोर स्थिर होता आणि त्यामागे काहीतरी उभं होतं, माझ्या उंचीचं.

"ते माझं आहे," मी म्हटलं. "मी सोडलं होतं, ती चूक माझी. पण ते माझंच आहे."

आणि पडदा ओढला.

पलंग, टेबल, बॅगा. इस्त्रीच्या टेबलावर काठोकाठ भरलेला ग्लास, त्यातलं पाणी अजून हलत होतं.

६

दुपारी दादांचा फोन आला. "पॅकेज शून्य पॉइंट नऊवरच राहिलंय. मालकाच्या रकान्यात तुझं नाव दिसतंय. कुलूप घालू?"

"घाला," मी म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा आई खुर्चीत ताठ बसली होती.

"गेली?" तिनं विचारलं.

ती कोण, हे तिनं विचारलं नाही. मी तिच्यापाशी खाली बसले. "तुला ठाऊक होतं?"

"डोळे गेले म्हणून मी तुझी आई राहिले नाही का? ग्लास घेताना बोटं लागायची. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तू सकाळी दार ओढून घेतेस, त्यानंतर हे घर कसं होतं ते तुला नाही माहीत. मी उगाच हाक मारायची. कुणी नाही हे ठाऊक असून. मारली की बरं वाटायचं, नाव हवेत राहायचं थोडा वेळ. एक दिवस आतून ओ आली. जीव घाबरा झाला गं माझा." तिनं माझा हात चाचपडून घेतला. "दुसऱ्या दिवशी परत मारली."

"का?"

"ओ द्यायची म्हणून."

मला तिच्यावर रागावता आलं नाही. रागवायचं ते मी दोन वर्षांपूर्वी रागावून बसले होते.

त्या आठवड्यातच मी मॅनेजरला सांगून टाकलं की यापुढे मी घरून काम करणार. तो कुरकुरला, मी ऐकलं नाही. पलंग भिंतीला सरकवला, बॅगा उपसल्या, इस्त्रीच्या टेबलाच्या जागी माझं टेबल मांडलं. पडदा काढून धुवायला टाकला तो परत लावला नाही. आता आतल्या खोलीत मी असते. आई हाक मारते, साडेदहाला, चारला, मध्येही मारते. तिला आता मुभा आहे. मी मीटिंगमध्ये असले तरी आधी ओ देते, मग पुढचं वाक्य बोलते. लोकांना सवय झालीय. ताप होता तेव्हाही दिली. तीन महिने झाले, एकही हाक रिकामी जाऊ दिलेली नाही.

आई हल्ली बरी असते. जेवते, काकूंशी गप्पा मारते. फक्त कधी कधी हाक मारल्यावर, माझी ओ येऊन गेल्यावरही, ती थोडी थांबते. मान कलती करून ऐकत राहते. तोंड माझ्याकडे नसतं, स्वयंपाकघराकडे असतं.

मी तिला विचारत नाही. टेबलावरून उठते, खुर्ची आतल्या खोलीचं आणि स्वयंपाकघराचं अशी दोन्ही दारं दिसतील अशी ओढून घेते, आणि पुढच्या हाकेची वाट बघते, ओठ अर्धे उघडे ठेवून.